स्लिपचा अभ्यास

४ फेब्रुवारी
लहान दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, पोरगी रात्री कशी झोपते ते रोज लिहून ठेव. म्हणून ही वही. सातवीनंतर मी असं काही लिहिलं नाही, पण अक्षर अजून बरं आहे.

गुंडी चार वर्षांची. मी शिवणाच्या कारखान्यात काजं-बटणं करते, त्यावरून हिचं नाव गुंडी पडलं. रात्री घोरते, मोठ्या माणसासारखी. मधेच घोरणं थांबतं. श्वास पण थांबतो. मग मी तिला हलवते, ती दचकून हवा ओढते आणि परत घोरायला लागते. एवढंच आहे.

मी घाबरलेली नाही. नुसतं विचारायला गेले होते.

५ फेब्रुवारी
झोप: घोरली. थांबली. हलवली.

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, आमच्यात सगळेच घोरतात गं, तुझे सासरे घोरायचे तर शेजारचे भिंत ठोकायचे. मी विचारलं, ते मधेच थांबायचे का. म्हणाल्या, थांबले ना एकदा, मग परत सुरूच झाले नाहीत. आणि स्वतःच हसल्या. मला हसू नाही आलं.

गुंडीचे पप्पा बेकरीत कायम रात्रपाळीला. ते घरी येतात तेव्हा गुंडी उठून दात घासत असते. म्हणतात, मला तर कधी दिसलं नाही. दिसणार कसं.

९ फेब्रुवारी
ठरलं. उद्या एका फेरीत सगळं उरकायचं. लहान दवाखान्यातून चिठ्ठी घ्यायची, तशीच मोठ्या दवाखान्यात जायचं, घसा दाखवायचा, औषध घ्यायचं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कामावर. मुकादम बाईंना अर्ध्या दिवसाचा खाडा सांगून ठेवलाय. लोकांना नियोजन जमत नाही म्हणून त्यांच्या फेऱ्या होतात.

१० फेब्रुवारी
डॉक्टर ट्रेनिंगला गेलेत. उद्या या.

खाडा पूर्ण दिवसाचा लागला. हरकत नाही, निदान रस्ता बघून झाला. रस्ता तसा माहीत होता.

११ फेब्रुवारी
डॉक्टरांनी गुंडीच्या घशात बॅटरी मारली. म्हणाले, टॉन्सिल केवढ्या झाल्यात, दोन्हीकडून एकमेकींना टेकायच्या बाकी आहेत. मोठ्या दवाखान्याला रेफर करतो.

रेफर केलं म्हणजे बरंच असणार. सगळ्यांना थोडंच करतात.

१८ फेब्रुवारी
मोठा दवाखाना. केसपेपरची लाईन पार जिन्यापर्यंत होती. खिडकीत एक माणूस बसतो, चष्मा नाकाच्या टोकावर. मनातल्या मनात मी त्याला चष्माच म्हणते. चष्मा म्हणाला, घशाच्या डॉक्टर मंगळवारी नाहीतर शुक्रवारी असतात, आज बुधवार. मी म्हटलं, घसा काय वार बघून दुखतो का. म्हणाला, ताई, मग शुक्रवारपर्यंत दुखू द्या.

२० फेब्रुवारी
घशाच्या डॉक्टर बाई भराभर बोलतात. त्यांनी विचारलं, श्वास किती वेळ थांबतो. मी म्हटलं, थोडा. खरं तर मी मोजत नाही. मोजलं की त्याचा आकडा होतो, मग तो आकडा डोक्यात बसतो.

म्हणाल्या, ऑपरेशन करावं लागेल असं दिसतंय. पण आधी स्लीप स्टडी होऊ दे, त्याच्यावर ठरेल ऑपरेशनच्या यादीत घ्यायचं की नाही. एक स्लिप लिहून दिली. खिडकीत द्या म्हणाल्या. चष्म्याने ती घेतली, शिक्का मारला, गठ्ठ्यात ठेवली आणि म्हणाला, कळवू. नंबर गुंडीच्या पप्पांचा दिला, माझ्या फोनची काच फुटलीय.

म्हणजे आता स्लिपची स्टडी करणार. बरोबरच आहे. एवढ्या लोकांच्या स्लिपा येतात, नीट अभ्यास केल्याशिवाय कसं ठरवणार कोणाला आधी कापायचं. मोठ्या दवाखान्याचं हे मला आवडलं. घरी सगळ्यांना सांगितलं, अभ्यास चालू झालाय.

३ मार्च
कळवलं नाही. अभ्यासाला वेळ लागतोच.

बालवाडीच्या बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, गुंडी गाण्याच्या तासाला पण बसल्या बसल्या झोपते, घरी झोपत नाही का. मी म्हटलं, सध्या अभ्यासाचं टेन्शन आहे. म्हणाल्या, अहो, ती चार वर्षांची आहे. मी म्हटलं, तिच्या नाही, दवाखान्याच्या. बाईंनी मान डोलावली. समजलं असावं.

झोप: घोरली. थांबली. हलवली. हलवली. हलवली.

१५ मार्च
आजपासून रात्री झोपायचंच नाही. एक हात गुंडीच्या पोटावर ठेवायचा आणि जागं राहायचं. दुपारी सुट्टीत दहा मिनिटं डोकं टेकलं तरी भागतं माणसाचं.

१६ मार्च
डोळा लागला. पण हात पोटावरच होता आणि आता हाताला सवय झालीय. पोट अडकलं की हात आपोआप हलवतो, मला उठावं पण लागत नाही. हे कोणाला सांगून पटणार नाही.

कामावर एका शर्टाला पोटावर जोडीजोडीने काजं पाडली. मुकादम बाईंनी शर्ट वर धरला आणि म्हणाल्या, ह्या गिऱ्हाईकाला बेंब्या किती आहेत ते आधी विचारून घे. सगळ्या हसल्या. मी पण हसले. मग बाथरूममध्ये जाऊन थोडा वेळ नळ सोडून उभी राहिले.

७ एप्रिल
गुंडीच्या पप्पांना म्हटलं, एवढा अभ्यास चाललाय म्हणजे आपली केस चांगली मन लावून बघत असतील. म्हणाले, कसला अभ्यास. म्हटलं, स्लिपचा. हं म्हणाले आणि कूस बदलून झोपले. पांघरूण घेताना सवयीने फोन बंद केला.

२१ एप्रिल
गेले शेवटी. चष्म्याला विचारलं, आमच्या स्लिपचा अभ्यास झाला का. म्हणाला, कसला काय झाला का. म्हटलं, स्लिप स्टडी. तो बघत राहिला. मग शेजारच्या टेबलावरच्याला म्हणाला, इकडे ये, हे ऐक. पण नंतर त्याने मला बाजूला घेऊन नीट सांगितलं. स्लीप म्हणजे झोप. पोरीच्या झोपेची तपासणी, मशीन लावून. म्हणाला, स्लिपचा अभ्यास कोण करतंय ताई, आम्ही ती वाचत पण नाही.

तारीख कधीच आली होती. फोन केले होते म्हणे, बंद लागला. तारीख गेली, चिठ्ठीची मुदत पण गेली. आता परत लहान दवाखान्यातून नवी चिठ्ठी.

मला स्लीप माहीत नव्हतं असं नाही. गुंडीच्या पुस्तकात आहे, झोपलेल्या मांजराखाली. तिथे मांजर होतं म्हणून कळलं.

येताना बसमध्ये गुंडी मांडीवर झोपली. थांबली. मी हलवली. बाजूची बाई म्हणाली, झोपू दे की लेकराला, कशाला छळतेस. मी म्हटलं, उतरायचं आहे. मग खरंच उतरावं लागलं. राहिलेला रस्ता तिला कडेवर घेऊन चालले.

१२ मे
नवी चिठ्ठी, नवा केसपेपर. डॉक्टर बाईंना स्लिपचं काही सांगितलं नाही. म्हटलं, गावाला गेलो होतो. म्हणाल्या, अहो, असं करू नका, लहान मुलांच्या वाढीवर परिणाम होतो, वजन बघा तिचं. मी म्हटलं, बारीक आहे, माझ्यावर गेलीय.

मशीन लहान दवाखान्यातच मिळणार आहे. एका रात्रीपुरतं घरी न्यायचं.

१० जून
तपासणी झाली. मशीन डब्याएवढं आणि बोटाला लावायचा चिमटा, आतून लाल उजेड. गुंडीला म्हटलं, ही राजकुमारीची नेलपॉलिश. लगेच बोट पुढे केलं. पोरगी शहाणी आहे.

मी रात्रभर डोळा मिटला नाही. थांबायला लागली की हलवली, रोजच्यापेक्षा लवकर. परक्याचं मशीन घरात आणलेलं, त्याच्यासमोर पोरीची अब्रू जायला नको. सिस्टरना मशीन देताना सांगितलं, एकदम फर्स्ट क्लास झाली तपासणी.

२६ जून
रिपोर्ट नॉर्मल.

डॉक्टर बाईंनी कागद उलटा-सुलटा करून बघितला. म्हणाल्या, मशीनला काहीच सापडलं नाही, यादीत घेता येणार नाही, सहा महिन्यांनी परत दाखवा. मी थँक्यू म्हटलं.

सासूबाई म्हणाल्या, मी सांगत नव्हते का. गुंडीचे पप्पा म्हणाले, चला, सुटलो. तिला खांद्यावर घेऊन त्यांनी घरभर फिरवलं. सगळे इतके खूश होते की मी पण खूश झाले. कागदावर लिहिलंय म्हणजे खरंच असणार.

२७ जून
झोप: घोरली. थांबली. हलवली. लगेच श्वास आला नाही. परत हलवली. उचलून बसवली, पाठीवर मारलं, तेव्हा आला.

ओठ निळसर वाटले. बॅटरीच्या उजेडात रंग नीट कळत नाही. बॅटरी जुनी आहे.

२९ जून
सिस्टरकडे गेले. म्हटलं, नॉर्मल असताना पण असं होतं का. त्या म्हणाल्या, मशीन होतं त्या रात्री काय काय केलंस ते सगळं सांग. मी सांगितलं. जरा ऐटीतच सांगितलं, की एकदा पण फार थांबू दिली नाही.

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, अगं बाई, मशीनने तुझा हात मोजला. पोरीची झोप मोजलीच नाही.

म्हणाल्या, डॉक्टर बाईंशी मी बोलते, मशीन परत मिळेल, पण ह्या वेळी हात लावायचा नाही. मी म्हटलं, थांबली तर. म्हणाल्या, थांबू दे, तेच मशीनला दिसायला हवं, ती स्वतःहून श्वास घेईल. म्हटलं, नाही घेतला तर. म्हणाल्या, फारच झालं तर मशीन वाजतं, तेव्हा उठव. वाजत नाही तोपर्यंत बघत राहायचं. विचारलं, जमेल ना. मी म्हटलं, न जमायला काय झालं.

१४ जुलै, संध्याकाळ
मशीन आणलं. ह्या वेळी चुकायचं नाही. यादीत नाव लागेल, ऑपरेशन होईल, बालवाडीत गुंडी सगळी गाणी म्हणेल.

सासूबाईंना म्हटलं, रात्री माझे हात ओढणीने खाटेला बांधून ठेवाल का. म्हणाल्या, डोकं फिरलंय का तुझं, शेजारी काय म्हणतील. मग म्हटलं, तुम्ही झोपा तिच्याजवळ, मी बाहेर झोपते. म्हणाल्या, मला ऐकू कुठे येतं, ते मशीन वाजलं तर मला काय कळणार. ते पण खरं आहे.

गुंडीच्या पप्पांना सुट्टी मिळाली नाही. मीच हात उशीखाली घालून वर डोकं ठेवीन. एक रात्र तर आहे.

१५ जुलै
झोप: घोरली. थांबली.

हात उशीखाली होते. तिची छाती वर-खाली होत होती पण हवा जात नव्हती, गळ्याखाली खड्डा पडत होता. मशीन वाजलं नाही. मी मनात म्हणत होते, घे गं बाई, घे. मग घेतला. स्वतःहून. सिस्टर म्हणाल्या तसंच.

परत थांबली. परत घेतला, पण उशिरा.

मग थांबली तेव्हा माझा हात निघाला. मी काढला नाही, तो निघाला. पोटावर नुसता ठेवणार होते. नंतर काढलाच नाही, उजाडेपर्यंत.

सकाळी मशीन परत नेलं. सिस्टरनी विचारलं, हात नाही ना लावलास. गुंडी माझ्या कडेवर झोपली होती. मी म्हटलं, नाही.

रिपोर्ट शुक्रवारी. चांगला येईल.