पडद्यावरची थरथर

४ मार्च
कामावर पुन्हा रुजू झाले. सूक्ष्मदर्शकाची खोली तशीच — अंधारी, गार. कार्बनची एक नळी, केसाहून हजारो पटींनी बारीक, यंत्राने दोन टोकांना धरून ओढली, न तापवता. काचेच्या काडीसारखी तुटली. थंड असली की अशीच तुटते. उद्यापासून तापवून ओढायच्या.
सर म्हणाले, "घाई नको." आणि लगेच, "पण अहवाल महिनाअखेर हवा हं!"

५ मार्च
नळीतून वीज सोडली, दोन हजार अंशांच्या आसपास नेली. ओढायला लागले आणि पडद्यावरचं चित्र थरथरलं. दुपारी पुन्हा.
असं तो आत आला की व्हायचं. शेजारच्या खोलीत नळ्या तो बनवायचा आणि स्वतः आणून द्यायचा. यंत्र इतकं नाजूक की पाऊल पडलं तरी चित्र हलायचं. "हत्तीसारखा काय चालतोस!" मी ओरडायचे. मग चवड्यांवर यायचा. तरी हलायचंच.
जानेवारीत गेला. आज खोलीत मी एकटीच होते.

८ मार्च
रोज हलतं. मी मागे वळून बघत नाही.

१० मार्च
सर म्हणाले, मेकॅनिकला बोलवा. मी सांगितलं, फोन लागत नाही. खोटं! मेकॅनिक येणार, यंत्र दुरुस्त करणार. मग थरथर जाणार.
सासूबाईंचा फोन. "तो गेल्यापासून रडलीस का गं एकदा तरी?"
"मी ठीक आहे, आई."
"ठीक कसली! दगड झालीयेस नुसती."

१२ मार्च
हलत्या चित्रात काहीच मोजता येत नाही. नळ्या फुकट गेल्या. त्याच्या हातची एकच उरली. सरांनी स्वतःच मेकॅनिकला फोन केला. लगेच लागला. माझ्याकडे नुसतं बघितलं.

१३ मार्च
मेकॅनिकने मला बाहेर काढलं आणि आत एकटाच बसला. चित्र स्थिर! मग मला बसवलं. हललं.
"ताई, मशीन ठणठणीत आहे. भूकंप तुमच्याकडून होतोय!" हसला. मग माझा चेहरा बघून ओशाळला. "हात टेबलाला टेकलाय ना तुमचा… अंग कापतंय. कळत नाही तुम्हाला?"
नव्हतं कळत.
"शेजारच्या खोलीतून चालवा," म्हणाला.

१४ मार्च
त्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून शेवटची नळी तापवून ओढली. चित्र निश्चल. नळीच्या भिंतीवर बारीकशी घडी उठली आणि सरकत टोकाला गेली. मग दुसरी. दर घडीमागे नळी बारीक होत गेली, लांबत गेली. तुटेचना! जवळजवळ चौपट झाली, तेव्हा कुठे तुटली.
"माझ्या पायजम्याचं इलॅस्टिकही एवढं ताणलं जात नाही!" सर ओरडले. मीही हसले.
मग मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं.

१५ मार्च
सुट्टी. तरी गेले. अंधाऱ्या खोलीचं दार आतून लावलं, यंत्र सुरू केलं, टेबलावर हात टेकून बसले. तुटलेल्या नळीचं टोक पडद्यावर हलायला लागलं. थोड्या वेळाने आवाजही फुटला. माझाच.
हलू दिलं.