दोन इनसोल आणि एक ताठ कणा

३ जून, सोमवार
मुख्याध्यापकपदाची मुलाखत महिनाअखेरीस. पदवी आहे, अनुभव आहे, नाही तो फक्त ताठ कणा. वह्यांवर वाकून वाकून पाठीला कायमचा बाक आलाय. मुलं मागून मला ‘अवग्रह’ (ऽ) म्हणतात. संस्कृतमधलं निदान एक चिन्ह तरी ओळखतात, हे माझ्या अध्यापनाचं यश. पण वाकलेला मुख्याध्यापक मी अजून पाहिलेला नाही. संकल्प : उद्यापासून ताठ.

४ जून
पहिल्या तासापर्यंत जमलं. हिचं निदान वेगळंच. दोष पाठीत नाही, चालण्यात आहे, म्हणाली. पाय आपटत चालता, खाली जमीन आहे की नाही ते बघत असल्यासारखे. संसार जुना झाला की पावलांच्या आवाजाबद्दलही तक्रारी सुरू होतात.

८ जून
बुटांच्या दुकानात नवं मशीन आलंय. काचेवर अनवाणी उभं राहायचं, पडद्यावर आपले तळवे रंगीत दिसतात. निळा म्हणजे हलका भार, लाल म्हणजे जड. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी गडद लाल. दुकानदारानं विचारलं, साहेब, इथं दुखत नाही? म्हटलं, अजिबात नाही. तो म्हणाला, दुखायला पाहिजे. गिऱ्हाइकाला दुखत नाही याचं वाईट वाटणारा दुकानदार प्रथमच पाहिला. बुटाच्या आत तळव्याखाली हा गादीसारखा इनसोल घातला की भार सगळ्या तळव्यावर पसरतो, टाच सावरते, तिच्यामागोमाग गुडघा आणि पाठ, असं म्हणाला. पण आधी डॉक्टरांना दाखवा, शुगर तपासा. म्हटलं, इनसोल द्या, सल्ला राहू द्या.

११ जून
चमत्कार! दोन वर्षं तळव्यांची आग व्हायची. आज लक्षात आलं, होत नाही. तीन दिवसांत गुण. हिला सांगितलं. ती म्हणाली, आग हिवाळ्यातच थांबली होती, तेव्हा तुम्ही थंडीला श्रेय दिलं होतंत. तपशील!

१५ जून
एका इनसोलनं एवढा गुण, तर दोहोंनी दुप्पट. हे साधं अंकगणित दुकानदाराला सुचलं नाही, म्हणून तो दुकानदार. दुसरा जोड आणून पहिल्यावर ठेवला. कडा मापात कापून घ्या म्हणाला होता. कात्री सापडली नाही. पाय बुटात जात नव्हता, दाबून बसवला. कुठं काही टोचलं नाही. उंची वाढली. स्टाफरूममध्ये गणिताच्या बाईंनी विचारलं, सर, आज कुणावर रागावलात का? आब येतो तो असा.

१९ जून, सकाळी
तोंड धुताना डोळे मिटले आणि थेट आरशावर आदळलो. कपाळाला टेंगूळ. फरशी ओली होती. ही म्हणाली, कोरडी आहे. मग माझं डोकं आपटल्यावर सुकली असेल. संकल्प : यापुढे तोंड डोळे उघडे ठेवून धुवायचं. साबण झोंबतो, पण पदासाठी तेवढं सोसलं पाहिजे.

२२ जून
पेपर आणून घरात शिरलो. ही दारातच. विचारते, उजवी चप्पल कुठाय? खाली पाहिलं. खरंच नव्हती. तेवढ्यात शेजारीणबाई ती घेऊन आल्या. कोपऱ्यावर पडली होती म्हणाल्या, कितीदा हाक मारली हो, पण सर आपले ताठ चालत निघाले. ताठ! शेजारपाजारच्या लोकांनाही दिसू लागलंय.
ही हसली नाही. म्हणाली, आजच डॉक्टरांकडे चला. म्हटलं, मुलाखत होऊ दे. म्हणाली, अहो, पाय तुमचा आहे, तुम्हाला कसं कळत नाही? मी पेपर उघडून वाचायला बसलो.

२८ जून
मुलाखत. अपूर्व. सगळा वेळ उभा राहूनच उत्तरं दिली. समितीची नजर माझ्या बुटांवरून हलत नव्हती. कालचं पॉलिश फळाला आलं. अध्यक्षबाईंनी दोनदा विचारलं, सर, बसता का? दोन्हीदा नम्र नकार. बाहेर पडलो तर शिपाई फडकं घेऊन आत शिरला. मोठ्या पदाच्या मुलाखतीनंतर फरशी पुसायची पद्धत असावी.

संध्याकाळी
उजवा मोजा तांबडा, ओला. इनसोलचा रंग जातोय. उद्या दुकानदाराला खडसावायचं.
हिनं बुटातून दोन्ही इनसोल ओढून काढले. वरच्याची न कापलेली कड दुमडून अंगठ्याखाली वरवंट्यासारखी बसली होती. हिनं ती कड बोटानं दाबून पाहिली. मग डॉक्टरांना फोन करायला गेली.
इनसोल मुळात पांढरे होते. हे मी तिला सांगितलं नाही. तिला माहीत आहे.

२९ जून
डॉक्टरबाईंनी विचारलं, जखम कधीपासून? मी विचारलं, कुठली? त्यांनी हिच्याकडे पाहिलं. शुगर भरपूर आहे. जखम आत हाडापर्यंत गेली असेल तर अंगठा, असं म्हणाल्या आणि वाक्य तिथंच सोडलं. नंतर म्हणाल्या, डोळे मिटा, मी नायलॉनचा धागा टेकवीन, कळलं की ‘हो’ म्हणा.
जन्म वृत्तं शिकवण्यात गेला. स्पर्शालाही लय असणारच. क्षणात पकडली. हो. हो. जरा थांबून, हो. एकही चुकू दिला नाही.
हिनं माझं मनगट घट्ट धरलं. म्हणाली, अहो, थांबा. त्या अजून हात धुताहेत.
डोळे उघडले. डॉक्टरबाई कोपऱ्यातल्या नळाशी. नळ ठिबकत होता. धागा टेबलावर, पाकिटात.
त्या हात पुसून आल्या, पाकीट फाडलं. मी पुन्हा डोळे मिटले. या वेळी लय वगैरे काही धरली नाही. प्रामाणिकपणे वाट पाहत राहिलो. बराच वेळ गेला, म्हणून विचारलं, सुरू करायचं का?
डॉक्टरबाई म्हणाल्या, झालं.