थाइमला पाणी कोणी घालायचं

४ जानेवारी १९८१
सिस्टर ॲग्नेस महिनाअखेर ब्रह्मपुरीला जाताना आमच्याकडे पवनीला उतरणार! दिवाळीत नागपूरला आमच्या जुन्या शाळेत गेले, तेव्हा स्वतः लावलेल्या थाइमचं, त्या विलायती वासाच्या झुडपाचं, रोप त्यांनी मलाच दिलं. वर्गातल्या बाकीच्या मुलींना नाही. (मुली! सगळ्या आज्या झाल्यात.) डब्यातलं ते रोप त्यांना हिरवंगार दिसलंच पाहिजे. इतकी वर्षं इथे काढून मी गावंढळ झाले नाही, याचा तेवढाच पुरावा उरलाय.

५ जानेवारी
शेजारच्या गिरजाबाई भिंतीवरून डोकावल्या. "हे कायचं गवत व्हय बाई? बकरीले टाकू का?"
संकल्प: पाणी फक्त मी घालणार. सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे, माती सुकली की मगच. कपभर.

९ जानेवारी
भाचीच्या लग्नाला आठवडाभर नागपूर. मग पाणी? यांना सांगितलं. पण हे नक्की विसरणार. दुकानातल्या कापडाच्या ठाणांपलीकडे यांना काही आठवत नाही. म्हणून सुनेला, चंद्रकलाला, गुपचूप सांगितलं: मामाजींवर, म्हणजे यांच्यावर, विसंबू नकोस. पण तिचा जीव रेडिओत. म्हणून गिरजाबाईंना सांगितलं: सुनेचा भरोसा नाही. याला म्हणतात प्लॅनिंग.

१२ जानेवारी, नागपूर
मांडवात सावळागोंधळ. कोणाकडे कोणतं काम, पत्ता नाही. माझं घर पाहा म्हणावं. मी नसतानाही घड्याळासारखं चालतं.

१८ जानेवारी
परत आले. डब्यात तळं. थाइम काळं.
हे म्हणाले, कधी नव्हे ते रोज आठवणीने घातलं. चंद्रकला म्हणाली, मामाजी विसरतील म्हणून सकाळ-संध्याकाळ घातलं. गिरजाबाईंनी तर भिंतीवरून पाण्याचा गडवाच रिता केला. "सुनेचा भरोसा नाही, तुमीच त म्हनलं ना बाई! आता कायले रागावून राहिल्या?"
कसली ही बेजबाबदार माणसं! एकानेही काम टाळू नये?
डबा उन्हात ठेवलाय. फुटवा येईलच.

२१ जानेवारी
आला नाही. काडी मोडून पाहिली. आतून वाळली होती. रडले नाही. कांदा चिरत होते.
शाळेच्या बागेत सिस्टर थाइमचं पान चुरून आमच्या नाकाशी बोट धरायच्या. तो वास घेऊन वर्गात गेलं की गणितसुद्धा सोपं वाटायचं.

२३ जानेवारी
उपाय सापडला. पानओवा, ओव्याच्या वासाच्या पानांचा! वास जवळजवळ तोच. पानं अंमळ जाड, पण सिस्टरना मोतीबिंदू आहे. गिरजाबाईंकडून फांदी आणून त्याच डब्यात खोचली. त्या पदर तोंडाशी धरून हसल्या. हसू देत. बॉटनी शिकायला शाळेत जावं लागतं.
चंद्रकलाला बजावलं, तोंड उघडायचं नाही.

२९ जानेवारी, दुपार
सिस्टर आल्या. केवढ्याशा झाल्यात! पान चाचपलं, चुरलं, नाकाशी धरलं, डोळे मिटले. म्हणाल्या, "पवनीची हवा मानवली याला. काय गुबगुबीत झालंय!"
तिळमात्र शंका आली नाही. मी म्हटलं, सगळं पाण्याच्या शिस्तीवर असतं, सिस्टर. चंद्रकलाला एकदम खोकला आला. या मुलीला पाहुण्यांसमोर वागायचं वळणच नाही.

संध्याकाळ
स्टँडवर पोचवायला गेले. सिस्टरनी खिडकीतून माझा हात धरला. शाळेतल्यासारखी शाबासकी मिळणार, म्हणून मी टाचा उंचावल्या.
कानाशी वाकून म्हणाल्या, "बेसन पातळ ठेव, मुली. जाड पिठात याची भजी फसतात."
बस सुटली.