अडुसष्टावा हिट

मंगळवार, ५ ऑगस्ट

प्रिय रोझाली मावशी,

सप्रेम नमस्कार. पत्रात सगळ्यात आधी तब्येतीची चौकशी करावी, हे आईने मला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसवून शिकवलं आहे आणि तुझ्या गुडघ्याची मला खरोखर काळजी वाटते; पण आधी एक दुरुस्ती करते. वीस जुलैच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की शेवटच्या सामन्यात क्लेटन मारेशने तीन हिट मारले. ते चूक आहे. त्याने दोन मारले. तिसरा मी मारला, म्हणजे माझ्या पेन्सिलीने. आता गुडघा. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करतेस का? (आई म्हणते, करत नसणार. मी तिला म्हटलं, माणसाला विचारल्याशिवाय असं म्हणू नये. म्हणून विचारते.) काकांचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. मका डोक्याच्या वर गेला आहे, बाबा खूश आहेत, पण खूश आहोत असं म्हटलं की गारा पडतात अशी त्यांची समजूत असल्यामुळे ते दिवसभर कपाळाला आठ्या घालून हिंडतात.

तू बेसबॉलच्या सामन्याला यायचीस तेव्हा मैदानाकडे पाठ करून विणत बसायचीस, म्हणून झालं काय ते नीट सांगते. बॅटवाल्याने चेंडू मारला आणि तो कोणालाही वेळेत अडवता आला नाही म्हणून बॅटवाला पहिल्या तळावर पोचला, तर तो त्याचा हिट. पण चेंडू कोणाच्या हातात आला, त्याच्या हातून सुटला आणि त्यामुळे बॅटवाला पोचला, तर ती सोडणाऱ्याची चूक. बॅटवाल्याच्या नावावर काही नाही. दोन्ही वेळा तो तळावर उभाच असतो, टाळ्याही तेवढ्याच पडतात. फरक फक्त वहीत असतो आणि तो पंच ठरवत नाही. जाळीमागच्या टेबलाशी बसलेली गुणलेखक ठरवते. चार उन्हाळे ती गुणलेखक मी आहे. (संघ गावच्या शाळेचा, पण त्या शाळेत मी एक दिवसही शिकलेली नाही; आईने घरीच शिकवलं. चर्चच्या विक्रीत मुरंब्याच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पाहून प्रशिक्षक हॉफर आईला म्हणाले, हे अक्षर मला पाहिजे. आईने आठ दिवस विचार केला आणि मग मला अक्षरासह पाठवलं.)

तर सहावा डाव. क्लेटनने मारलेला चेंडू दोन टप्पे घेत पलीकडच्या गावच्या शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाच्या मध्ये उभा असतो तो) गेला. हळू आणि सरळ. आपल्या आजोबांनी खुर्चीतून न उठता धरला असता असा. त्या मुलाच्या हातमोज्यात तो आला, मग का कोण जाणे बाहेर पडला, त्याने उचलून फेकेपर्यंत क्लेटन तळावर होता. चूक. आंधळ्यालाही आवाजावरून कळावी अशी चूक. मी पेन्सिल टेकवली आणि तेवढ्यात क्लेटनने पहिल्या तळावरून माझ्याकडे पाहिलं. पंचाकडे नाही, प्रशिक्षकांकडे नाही, त्याच्या आईकडेही नाही, आणि ती तर घंटा वाजवत होती. अर्धा क्षण. मी खाली बघितलं तेव्हा वहीत हिट लिहिलेला होता, आणि अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

या एका खुणेने काय केलं बघ. खाऊच्या टपरीमागे जो लाकडी फळा आहे, एका उन्हाळ्यातल्या सर्वाधिक हिटचा, त्यावर एमिल कुबिक यांचं नाव १९७९ पासून आहे: सदुसष्ट. क्लेटनचे त्या दिवशी अडुसष्ट झाले. खरे सदुसष्ट. म्हणजे बरोबरी, पण फळ्यावर नाव एकाचंच मावतं. चौथ्या दिवशी रंगाऱ्याने एमिलना पुसून क्लेटनला लिहिलं, साप्ताहिकाने त्याचा फोटो छापला आणि कॅन्ससमधल्या त्याच्या कॉलेजच्या प्रशिक्षकांनी आकडे मागवले, तेव्हा त्या कागदाखाली गुणलेखक म्हणून माझी सही गेली. क्लेटन सतरा तारखेला, रविवारी, कॅन्ससला जाणार आहे. तो जाण्याआधी मला त्याला खरं सांगायचं आहे. बाकी काही नाही. एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

तू म्हणशील, मग सांग की. मावशी, मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. आधी रीतीप्रमाणे प्रशिक्षक हॉफर यांच्याकडे गेले. ते मैदानावर गवत कापत होते. मी त्या यंत्राच्या बाजूने चालत चालत सगळं सांगितलं. मैदानाला तीन फेऱ्या झाल्या. शेवटी त्यांनी यंत्र बंद केलं आणि म्हणाले, “पोरी, मला फक्त शेवटचं ऐकू आलं. काय, तुझी चूक झाली?” मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते म्हणाले, “निर्णय बदलायला लीगने चोवीस तास दिलेत. किती झाले?” मी म्हटलं, बारा दिवस. “मग तो हिट आहे,” म्हणाले, “आणि हे बघ टेक्ला, चाळीस वर्षांत माझ्या हातून एकच पोरगं कॉलेजात खेळायला चाललंय. मला गवत कापू दे.”

मग दातांचं प्रकरण. तुला माहीतच आहे, आपण दातांसाठी पलीकडच्या गावी जातो. तिथे मदतनीस म्हणून ज्या बाई आहेत, त्या त्या शॉर्टस्टॉपच्या आई आहेत हे मला खुर्चीत आडवी होईपर्यंत ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडात कापसाचे दोन बोळे आणि ती पाणी ओढणारी नळी. बाई वाकून हळूच म्हणाल्या, “तू त्याच्या नावावर चूक लिहिली नाहीस ना, ते मी वाचलं. माझा मुलगा दोन दिवस जेवला नव्हता गं. साप्ताहिकात वाचलं आणि चार अंडी खाल्लीन. देव तुझं भलं करो.” मी कबुली दिली, पण नळी तोंडात असल्यामुळे ती फक्त स्वरांत निघाली. बाईंना वाटलं दुखतंय. त्यांनी भुलीचं आणखी एक इंजेक्शन द्यायला लावलं, आणि मी संध्याकाळपर्यंत सत्यच काय, सूपसुद्धा नीट तोंडात ठेवू शकत नव्हते.

राहिले एमिल कुबिक. ज्यांचं नाव पुसलं गेलं त्यांची क्षमा मागणं मला सगळ्यात कठीण वाटत होतं, म्हणून आईने भट्टीत भाजलेल्या, मधोमध जर्दाळू भरलेल्या सहा गोड कोलाच घेऊन गेले (जाता जाता एक खाल्ली; पाच पोचल्या; तसं मी त्यांना सांगितलं). ते ओसरीवर बसले होते. मी म्हटलं, तुमचा विक्रम मोडलेला नाही, बरोबरी झाली आहे, दोष माझा. त्यांनी कोलाच संपवली, बोटं पुसली आणि म्हणाले, “बाई गं, सेहेचाळीस वर्षं दर उन्हाळ्याला मला नेऊन उभं करतात आणि पहिला चेंडू टाकायला लावतात. खांदा आठ दिवस वर होत नाही. कालच मी व्हिल्माला म्हटलं, सुटलो. आणि आज तू मला परत धरायला आलीस?”

तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा, व्हिल्माबाईंचा, आवाज आला. त्या शेंगा निवडत होत्या. “त्याच्या सदुसष्टातले किती खरे, ते मला विचार. तेव्हा वही माझ्याकडे होती.”

“आता हे कशाला?” एमिल म्हणाले.

“तीन माझे आहेत,” व्हिल्माबाई म्हणाल्या. “एक तर इतका उघड होता की पंचाने वळून माझ्याकडे बघितलं.”

मी विचारलं, “मग तुम्ही दुरुस्त नाही केलंत?”

“दुरुस्त कशाला करू? लग्न केलं.”

एमिलनी हसायचं टाळण्यासाठी दुसरी कोलाच उचलली. मावशी, मी पायरीवर बसले ती बराच वेळ उठले नाही. त्या दोघांना वाटलं मला ऊन लागलं. व्हिल्माबाईंनी लिंबाचं सरबत दिलं. मी मनात हिशेब करत होते. एमिलचे खरे चौसष्ट. क्लेटनचे खरे सदुसष्ट. म्हणजे माझी खूण खोडली तरी विक्रम क्लेटनचाच. (हे मी कोणाला सांगू शकत नाही, कारण ते व्हिल्माबाईंचं गुपित आहे. तुला सांगितलं, ते तू विसर.) मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. कारण इतके दिवस मी विक्रमाला जपत होते, आणि विक्रमाला तर काही धोकाच नव्हता. उरली ती फक्त माझी पेन्सिल आणि ती तशी का चालली हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर व्हिल्माबाईंनी शेंगा निवडता निवडता दिलं होतं.

तुला क्लेटनबद्दल काय सांगू? कान जरा बाहेर आलेले आहेत. बॅट घेऊन उभा राहिला की आधी डावा बूट उजव्या पोटरीला पुसतो, मग खांदे खाली सोडतो, आणि मग असा स्तब्ध होतो की जाळीवरची चिमणीसुद्धा थांबते. (चिमणी मी दोनदाच पाहिली आहे. नेहमी थांबते असं म्हणता येणार नाही.) चार वर्षांत आमचं बोलणं किती झालं असेल? सामना संपला की हेल्मेट काखेत धरून तो जाळीपाशी यायचा आणि विचारायचा, “टेक्ला, आज किती?” मी म्हणायची, “दोन.” किंवा एक. किंवा, “आज काही नाही.” तो म्हणायचा, “बरोबर,” आणि जायचा. एवढंच. त्याला स्वतःला मोजता येत नव्हतं अशातला भाग नाही. हे मला परवा, धान्यकोठारातल्या माझ्या कामावर, काट्यावर एका ट्रकचं वजन करताना, लक्षात आलं, आणि ट्रकवाल्याला दोनदा हाका माराव्या लागल्या. त्या शेवटच्या सामन्यानंतरही तो आला. “आज किती?” मी म्हटलं, “तीन.” तो जाळीत बोटं अडकवून म्हणाला, “बरं.” बरोबर नाही, बरं. त्या एका शब्दापायी मी एकोणीस दिवस नीट झोपलेले नाही. त्याला ठाऊक आहे का? ठाऊक असून त्याने राहू दिलं, तर का राहू दिलं? आणि ठाऊक नसेल, तर मी त्याला अकरा तासांवरच्या गावी एक खोटी गोष्ट बरोबर देऊन पाठवते आहे, जिथे जाळीमागे कोणी दुसरी बसलेली असेल.

पुढच्या उन्हाळ्याची कोरी वही कालच टपालाने आली. पहिल्या पानावर नऊ रिकाम्या ओळी. तिसऱ्या ओळीवर त्याचं नाव असायचं. मी वही उघडली, बघितली आणि कपाटात टॉवेलांखाली ठेवली. आईने विचारलं, “वहीला थंडी वाजते का?” मी म्हटलं, हो. आईशी मी पहिल्यांदाच खोटं बोलले, तेही जाता जाता लिहून ठेवते.

तर माझं म्हणणं एवढंच की मी फक्त कर्तव्य म्हणून जाणार आहे, दोन मिनिटं बोलणार आणि परत येणार. तो जातो आहे याचं मला वाईट वाटत नाही. गुणी खेळाडूने पुढे जावंच. तुझ्याकडून सल्ला नको आहे. गुडघ्याला जप, काकांना नमस्कार सांग.

तुझी आज्ञाधारक भाची,
टेक्ला

ता. क. वर ‘अर्धा क्षण’ लिहिलं आहे, ते चूक. त्याने माझ्याकडे पाहिलं ते पुढचा चेंडू पडेपर्यंत, आणि मीही पाहत होते. वहीत त्या चेंडूची नोंदच नाही. तो मी शेजारच्या माणसाला विचारून भरला.

ता. क. दोन. ‘वाईट वाटत नाही’ हेही चूक. ‘दोन मिनिटं’ हे तर फारच चूक. मी त्याला आधी सांगणार की ते दोन होते, तीन नव्हते. आणि मग त्याने विचारलं नाही तरी सांगणार की मी तसं का लिहिलं. तो हसला तर हसला. तो ‘बरं’ म्हणाला तरी चालेल. पण हे न सांगता तो गेला, तर ती जागा माझ्या वहीत कायम कोरी राहील आणि ती भरायला मला शेजारी कोणाला विचारता येणार नाही.

ता. क. तीन. आता खरं काम, आणि यासाठीच हे सगळं लिहिलं. जायच्या आदल्या दिवशी सकाळी क्लेटन धान्यकोठाराच्या पटांगणात ट्रकमागे उभा राहून मक्याची कोवळी कणसं विकणार आहे. मी कणसं आणायला निघाले की आई बरोबर येते आणि प्रत्येक कणीस सोलून बघते. तिच्यासमोर मला हे बोलता येणार नाही. तू आईला फोन कर. दहाला कर आणि अकरापर्यंत सोडू नकोस. गुडघ्याबद्दल बोल, व्यायाम करत नाहीस असंच सांग, म्हणजे ती तासभर थांबणार नाही. हे खोटं ठरू नये म्हणून त्या दिवशी खरंच करू नकोस. विसरशील म्हणून दिवस शेवटी लिहिते: शनिवार, सोळा ऑगस्ट.