हेड उघडल्याशिवाय नाही

३ डिसें., बुध.
आज परत व्हॅननं धूर सोडला. लायब्ररीत जायचं म्हणून बाबांसोबत व्हॅनमध्ये बसले होते. रेल्वेपुलाजवळ सिग्नलला थांबलो आणि मागून पांढरा धूर, इतका की मागची गाडी दिसेना. एक स्कूटरवाला पुढं येऊन म्हणाला, "अंकल, मच्छर मार रहे हो क्या?" बाबा हसले. मला नाही हसू आलं.

संध्याकाळी साहू मिस्त्रीकडे. त्यानं चहा पीतपीत धुराकडे एकदा पाहिलं. "हेड गया. बेच दो." इंजिनाचा वरचा भागच गेला म्हणे. झालं. मोठेबाबांना फोन. ते बाबांचे थोरले भाऊ, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा. रविवारी कबाडीवाला गाडी नेणार आणि बाबा मोठेबाबांच्या ओळखीच्या तांदळाच्या गोदामावर चौकीदार होणार. सतरा वर्षं हा माणूस आमच्या गुढ़ियारीतून निघून ब्राह्मणपाऱ्याच्या बायकांना नवा रायपुरच्या ऑफिसांत वेळेवर पोचवतो. तो आता खुर्चीवर बसून गेट उघडणार?

मी विचारलं, "कोणी सीट तरी उचलून इंजिन पाहिलं काय?"
मो.बा. (फोन स्पीकरवर): "बी.एस्सी. झाली तं मिस्त्री झाली काय गं पोट्टी?"
नाही झाले. पण न तपासता निकाल देत नाहीत, एवढं शिकले.

४ डिसें., गुरु.
घरातली पहिली पदवी माझी. म्हणून नातेवाइकांचे सगळे फॉर्म भरायला मी. गाडीबद्दल मात्र बोलायचं नाही.

वाचलं ते असं. थंडीत सुरुवातीला निघणारी वाफ असेल तर ती थोड्या वेळात विरते, रेडिएटरचं पाणी कमी होत नाही. पाणी कमी होत असेल तर एक तर बाहेर गळतं, नाही तर इंजिनाच्या आत शिरून वाफ होऊन धुरातून जातं. आत शिरत असेल तर साहू बरोबर. म्हणजे आधी पाणी मोजायचं.

कूलंट जळालं की गोडसर वास येतो म्हणे. आमच्या गाडीत कायम नळाचंच पाणी. वास कुठून येणार?

रेडिएटरला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीवर चिकटपट्टी लावली, पेनानं रेघ मारली. बाबांना बजावलं, "बाटलीत कोणी थेंब टाकायचा नाही."
"हव."

६ डिसें., शनि.
काल रेघेवर. आज रेघेवर. केसभरही कमी नाही!
मो.बां.ना मीच फोन केला. "पाणी कमी होऊन नाही राहिलं. थंडीची वाफ आहे. गाडी विकायची नाही." आवाज जरा ताठच होता. कबाडीवाला पुढच्या रविवारवर गेला. साहूलाही सांगून आले.
"नोनी, गाड़ी किताब नहीं पढ़ती."
"मैं पढ़ती हूँ न, चाचा."

७ डिसें., रवि.
वर्ध्याचे चुलत आजोबा गेले. तीन दिवस सुतक. पूजा बंद.

८ डिसें., सोम.
लिहायची इच्छा नाही. लिहिते.
नवा रायपुरच्या रस्त्यावर व्हॅन उकळली. काटा लाल, रेडिएटरमधून वाफ. पाच बायका त्या रुंद रस्त्यावर उन्हात उभ्या, बसचा पत्ता नाही. त्यांतल्या दांडेकर काकूंची हाजिरी गेली. बाबांनी नंतर पाहिलं तर रेडिएटर कोरडा. आणि बाटली? माझ्या रेघेवर.

घरी मी डोकं धरून बसले होते. आई सहज बोलली, "आज गाडीले पाणी नसन भेटलं. सुतक आहे न."
"म्हणजे?"
"अवं, तुह्ये बाबा रोज पूजा झाली का लोटाभर पाणी रेडिएटरमंदी टाकतात. सतरा वर्षं झाली."

मी बाबांवर ओरडले. "मी नाही म्हटलं होतं न!"
"तू बाटलीचं म्हणली होती. बाटलीले मी हात नाही लावला. अन् गाडी तहानलेली बाहेर काढू कशी?"

सुतकात पूजा नाही, म्हणून आज लोटा नाही, म्हणून गाडी उकळली. तीन दिवस मी बाटली पाहत होते, जे मोजायचं ते रेडिएटरच्या झाकणाखाली होतं. बाबा रोज काय करतात हे मला, त्यांच्याच घरात राहून, माहीत नव्हतं.

आणि आणखी एक. बुधवारी सिग्नलला इंजिन चांगलं गरम होतं. थंडीची वाफ तेव्हा कशी असेल? हे मनात आलं होतं. मला ते नको होतं म्हणून लिहिलं नाही.

९ डिसें., मंगळ.
सकाळी ब्राह्मणपाऱ्यात दां. काकूंकडे माफी मागायला. "अगं, तू काय मुद्दाम केलंस? पण बघ, पुढच्या सोमवारपर्यंत मी ऑटोनं जाईन. बाकीच्याही थांबतील. त्यापुढं परेशानी आहे, दुसरी गाडी बघावी लागेल."

मो.बा.: "झालं समाधान?"
"नाही झालं. माझं चुकलं. पाणी जातं, रोज लोटाभर. कुठून जातं ते अजून कोणीच पाहिलं नाही. तुम्ही पण नाही."
आईनं डोळे वटारले. वटारू दे.

१० डिसें., बुध.
रेडिएटर काठोकाठ भरून रात्रभर गाडीखाली जुना पेपर पसरला होता. कोरडा. पाइप कोरडे. बाहेर गळत नाही.

साहूकडे हळूहळू नेली. "चाचा, कुछ मत करो. सिर्फ तीनों प्लग निकाल दो."
पहिला तपकिरी. दुसरा तपकिरी. तिसरा पांढराशुभ्र, वाफेनं धुतलेला. साहूनं तो उजेडात फिरवून पाहिला. प्लग परत लावले, रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू केली. तोंडाशी बुडबुडे, थांबेचनात; इंजिनातला वायू पाण्यात येत होता.
"तीन नंबर," साहू म्हणाला. मग हसून, "मैं तो पहले दिन ही बोला था."
"आप बोले थे हेड गया. गास्केट जला है कि हेड फटा है?"
"वो तो खोले बिना कैसे बताऊँ?"
"तो पहले दिन कैसे बताया?"
त्यानं मग पाना काढून माझ्यापुढं नाही, बाबांपुढं धरला. "चल भाई, तेरी लड़की मानेगी नहीं."

१२ डिसें., शुक्र.
हेड उघडलं. बोल्ट बाबांनीच सोडले.
हेडखालची पातळ पट्टी, ते गास्केट, तीन नंबरपाशी जळालेलं, नखाएवढं. बस, एवढंच! मी टाळी वाजवणार होते. साहूनं हेडवर लोखंडी पट्टी आडवी ठेवली. पट्टीखालून उजेड दिसला.
"टेढ़ा हो गया. उबला था न सोमवार को."

म्हणजे माझ्या शनिवारच्या फोननं गाडी रस्त्यावर राहिली, म्हणून. नुसतं वाकलं असेल तर घासून सरळ होतं. बारीक क्रॅक असेल तर संपलं. डोळ्यांनी दिसत नाही. हेड मशीनच्या दुकानात पाठवलं, तिथं दाब देऊन तपासतात.
बाबांना म्हटलं, "माझ्यामुळं झालं."
बाबा हात पुसत म्हणाले, "तुह्यामुळं उघडलं." बाबा कधी एवढंही बोलत नाहीत.

१४ डिसें., रवि.
मशीन आज बंद. निकाल उद्या.
अकरा वाजता मो.बा. कबाडीवाल्याला घेऊन हजर. त्यानं सीट उचलली, आत अर्धं इंजिन. "इसका हेड किधर है?"
मो.बा. माझ्याकडं नाही, बाबांकडं पाहून: "लेकीच्या नादी लागून तमाशा करून राहिला काय? दे चाबी."
बाबा व्हॅनच्या दारात बसले होते. उठले नाहीत. "हेड आल्याशिवाय गाडी नाही जात, दादा."
मी बाबांना मोठेबाबांपुढं नाही म्हणताना आजवर ऐकलं नव्हतं. मोठेबाबांनीही नसेल. कबाडीवाला मोबाईल काढून बघत बसला.
"अन् क्रॅक निघाला तं?"
बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मीच बोलले.
"तं कुठं आहे ते पाहू, मोठेबाबा. मग ठरवू. आम्ही."
कबाडीवाला रिकामा गेला. मो.बा. चहा न घेता गेले. आई अजून माझ्याशी बोलत नाही. मशीन सकाळी दहाला उघडतं. बाबा म्हणतात, नऊला निघू.