काट्यापलीकडची जागा

अंबरनाथ (पूर्व),
१७ ऑगस्ट १९९६

चि. मधू यास,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही खुशाल आहोत. नानांचा गुडघा पावसाळ्यात असतो तसाच आहे. मांजर्लीत पुन्हा पाणी शिरलं, म्हणून कौसाबाई तीन दिवस कामाला आली नाही आणि भांडी मी घासली. बंगलोरला तू वेळेवर जेवत असशील असं धरून चालते.

झाली खुशाली. काल शेजारी सुनेत्राबाईंकडे तुझा फोन आला, तेव्हा मी नुसती "बरं, बरं" करत राहिले. दुसऱ्याच्या घरात, त्यांच्या सगळ्या कुटुंबासमोर उभं राहून भावाला झापता येत नाही. कागदावर मला कुणाची भीड नाही.

तुला अक्कल आहे का रे? "सूचना वाचण्यात माझी चूक झाली" असं चौकशीत लिहून त्याखाली सही कशी केलीस?

नानांना सगळं समजावून सांगायला बसले, तेव्हा आधी मलाच ते समजून घ्यावं लागलं. बरोबर आहे का बघ. ढगात धावपट्टी दिसत नाही, तेव्हा ती कुठल्या बाजूला आहे हे जमिनीवरून येणारा एक सिग्नल दाखवतो. विमान त्या सिग्नलला जोडून दिलं की आपोआप त्याच्या मागे खाली येतं. गेला महिनाभर इकडच्या विमानतळावर त्या सिग्नलमध्ये कुठल्यातरी वायरलेसचा अडथळा येत होता. म्हणून वरून सूचना निघाली, की विमान सिग्नलला जोडून उतरवू नका, हातानं उतरवा. चार दिवसांनी दुसरी सूचना आली, की पहिली अंशतः रद्द. कुठला अंश? ते कुणी लिहिलंच नाही. निम्मे पायलट म्हणाले बंदी उठली, निम्मे म्हणाले फक्त दुपारपर्यंतची उठली. कॅप्टननी सहपायलट म्हणून तुला विचारलं आणि तू म्हणालास, उठली.

विमान आपोआप खाली येत होतं आणि ऐन शेवटी डावीकडे सरकायला लागलं. ढगातून बाहेर आलात तर समोर धावपट्टी नाही, इमारतींच्या गच्च्या. कॅप्टननी विमान पुन्हा वर खेचलं. आत एकशे अकरा माणसं. कुणाच्या नखाला धक्का लागला नाही, हे देवाचे उपकार.

आणि दोष कुणाचा? मधूचा! ज्या शहाण्यानं अर्धवट सूचना काढली त्याचा नाही. ज्याच्यामुळे अडथळा आला त्याचाही नाही. तुझं लायसन्स अडकवून ठेवलंय आणि तू मान खाली घालून उभा. कॅप्टनची वीस वर्षांची नोकरी वाचवायची म्हणून तू बळी जातोयस ना? त्याला बायकामुलं आहेत म्हणे. मग आम्ही कोण आहोत? नाना मला म्हणाले, "माझ्या मुलाला वाचता येत नाही असं तो स्वतः लिहून देतो?" तेव्हापासून ते जिना उतरलेले नाहीत. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना पायलटचे वडील म्हणतात, आता त्यांना कुणाला तोंड दाखवायचं नाही. तो जबाब मागे घे. आजच्या आज घे.

अजून एक. फोनवर तू हसत म्हणालास, की त्या वेळी कानात सिग्नलची खूण म्हणून वाजणाऱ्या बीप-बीपऐवजी कुणीतरी मराठीत बोलताना ऐकू आलं. ते जबाबात का नाही लिहिलंस? वेड्यात काढतील म्हणून? काय बोलत होता तो माणूस ते मला कळव, शब्द न शब्द. वार कुठला, किती वाजले होते, तेही लिही. मला आपलं सहज विचारायचंय.

तुझी,
कुंदाताई


अंबरनाथ (पूर्व),
३ सप्टेंबर १९९६

चि. मधू यास,

आशीर्वाद. नाना बरे आहेत. बाकी खुशाली लिहायची माझी आज इच्छा नाही.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. "शेट, शिमिट सपला. मानसा बसून हान. गारी धारा लवकर." मंगळवार, दुपारी सव्वाचार. हे वाचलं आणि मी तशीच न्हाणीघरात जाऊन बसले. हा महिपती आहे. जांभूळला आमच्या शेठच्या गोडाऊनचं बांधकाम चाललंय, तिथला मुकादम. सिमेंट संपलं, माणसं बसून आहेत, गाडी धाडा, रोज त्या सुमाराला तो शेठना फोनवर हेच रडगाणं गातो.

मागच्या पत्रात "सहज विचारायचंय" लिहिलं ते खोटं होतं. तुझा फोन ठेवला तेव्हापासून मला संशय होता. कॅप्टनवर, सूचनेवर आणि तुझ्यावर जेवढी आग पाखडली, ती सगळी मला माझ्याकडे बघायचं नव्हतं म्हणून.

तुला आमच्या उल्हासनगरच्या वर्कशॉपमधलं काम ठाऊक आहे. टेलिफोनचा नंबर लागायला आठ-आठ वर्षं थांबावं लागतं. म्हणून लोक एका लाइनवर लाँग रेंजचा कॉर्डलेस बसवतात आणि दहा-बारा किलोमीटरवरून बोलतात. परवाना कुणाकडेच नसतो. आमचे शरदचंद्रशेठ सेट जोडून विकतात आणि ट्यून करते मी. गिऱ्हाईक म्हणतं, "सेट कुंदाबाईंच्या हातचा पाहिजे." मला त्याचा काय अभिमान होता!

शेठच्या बदलापूरच्या लाइनवर जांभूळच्या बांधकामासाठी सेट बसवला आणि आजूबाजूच्या टीव्हीवर रेघा यायला लागल्या. संध्याकाळच्या मालिकेच्या वेळी बायका भांडायला आल्या. तेव्हा मी सेट उघडून प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनं त्याची फ्रिक्वेन्सी, आमच्या भाषेत जागा, बदलत गेले. टीव्ही स्वच्छ झाला, पण एफएम रेडिओवर खरखर यायला लागली. अजून पुढे सरकवला, रेडिओचा काटा उजवीकडे जिथे संपतो त्याच्याही पलीकडे. तिथे टीव्ही साफ, रेडिओ साफ, कुणाची तक्रार नाही. मी म्हटलं, ही जागा रिकामी आहे. आम्ही सगळे असंच ट्यून करतो, मधू. शेजारी ओरडले नाहीत की काम झालं. विमानांचा सिग्नल नेमका तिथे असतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असं एकदाही वाटलं नाही. पंधरा वर्षं हे काम करते आणि सख्खा भाऊ पायलट आहे, तरी नाही वाटलं. दोन थोबाडीत माराव्यात अशी मी बाई आहे.

आता तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. "ताई, तू यात पडू नकोस. ती बोली आपल्या बाजूची आहे आणि तिथे सेट कोण बसवतं ते मला माहीत आहे, म्हणूनच मी लिहिलं नाही."

म्हणजे कॅप्टनला वाचवायला नाही, मला वाचवायला सही केलीस तू! कुणी सांगितलं होतं? मी काय कुकुलं बाळ आहे? आणि मला वाचवताना दुसरा विचार केलास का? तू सही केल्यावर "वाचणाऱ्याची चूक" म्हणून त्यांनी अडथळा शोधणंच सोडलं. महिपती रोज सव्वाचारला बोलत राहिला आणि वरून विमानं येत राहिली. तू गप्प होतास आणि संशय असूनही पंधरा दिवस मीही गप्प होते. त्यातलं एखादं गच्चीवर पडलं असतं तर कुणाची सही पुरली असती?

शनिवारी सकाळी मी बदलापूरला जाऊन सेट काढून आणला. शेठ म्हणाले, "कुंदाबाई, टेन्शन कशाला घेता? जागा बदलून टाका आणि विसरून जा. कुणाला कळणारे?" नाना म्हणाले, "एकाचं गेलं ते गेलं. दोघांचं कशाला घालवतेस?" मी दोघांचंही ऐकलं नाही. शेठच्या दुकानात आता मला जागा नाही, नाना माझ्याशी बोलत नाहीत.

काल सेट पिशवीत घालून मी वायरलेसच्या तपासणी ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी तो चालू करून मोजला. मग कोरा कागद पुढे केला. मी सगळं लिहून दिलं. सेट कुणी ट्यून केला, कसा, केव्हापासून. खटला होईल म्हणाले. होऊ दे. त्याची एक प्रत तुझ्या चौकशी समितीकडे रजिस्टर पोस्टानं पाठवली आहे.

त्यात मी हेही लिहिलंय, की आवाज कुठून आला हे माझ्या भावाला ठाऊक होतं आणि बहिणीला वाचवायला त्यानं ते लपवलं. वाच, आणि माझ्यावर हवं तेवढं चिड. लपवल्याबद्दल जी शिक्षा होईल ती भोग, ती तुझीच आहे. पण माझी चूक तुझ्या नावावर मी राहू देणार नाही.

आता समितीपुढे आपले दोन जबाब आहेत, चूक तुझी म्हणणारा तुझा आणि चूक माझी म्हणणारा माझा, आणि त्यातला एकच खरा असू शकतो. तुझा खरा ठरवायचा असेल, तर भर बैठकीत मला खोटारडी म्हणावं लागेल. मी समोर बसलेली असेन. म्हणून दाखव.

तुझी बहीण,
कुंदा विष्णू कारखानीस