ढब्बीचे ड्रेस

सोमवार, ४
डबा पुन्हा भरलेलाच परत आला! नात म्हणते मैत्रिणींनी खाऊ घातलं. चाळीस वर्षं बायकांची मापं घेतली मी — मला बनवतेय.

बुधवार, ६
आरशापुढे पाऊण तास. कॉलेजात कुणीतरी हिच्या फोटोखाली जाडी म्हणून काहीबाही लिहिलं म्हणे. सुनेने समजावलं, मुलाने दरडावलं. मी म्हटलं, लोकांच्या तोंडाला काय हात लावणार? तर माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, ढब्बी तर तूच म्हणतेस."
म्हणते. पाळण्यात होती तेव्हापासून म्हणते. आता तोंड शिवून काय उपयोग!

शुक्रवार, ८
ती कॉलेजला गेल्यावर तिचे चारही ड्रेस काढले. वाढतं अंग म्हणून शिवतानाच आत दोन बोटं कापड जादा सोडते मी. बगलेपासून खालपर्यंत उसवले, अगदी कडेला नवी टीप मारली, इस्त्री फिरवली. आता ढगळ होतील. पोरीला वाटेल बारीक झाले, मग बसेल जेवायला. सुनेला बजावलं — मुलाला कळू देऊ नकोस, मिठाची गुळणी धर.

रविवार, १०
ड्रेस अंगावर लोंबला. हसली. किती दिवसांनी हसली! गिरकीसुद्धा घेतली. ताट वाढलं तर सरकवलं. "गुण येतोय आजी. आता सोडायचं नाही."
काय करून बसले मी.

सोमवार, ११
दूधही बंद. ड्रेस परत आत घ्यावेत तर म्हणेल जाड झाले. इकडे आड, तिकडे विहीर.  

बुधवार, १३
कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात ठेवलंय. हाताला सलाईन. दंड माझ्या मुठीत मावतो — टेपची गरजच नाही. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का?  

गुरुवार, १४
दवाखान्यात तिच्या खाटेजवळच्या खुर्चीवर तिचा ड्रेस उलटा पडला होता. तिने ओढून घेतला, शिवणीवरून बोट फिरवलं. शिंपिणीच्या घरातली पोर — जुन्या टाक्यांची भोकं ओळखली. "हा कोणी उसवला?"
सून बोलणार होती. तिला गप्प केलं. मुलानेही मध्ये पडायचं नाही. उत्तर मीच द्यायचं, आजच, आणि तिला नावाने हाक मारून.